दप्तराचा पहारा

माझे वडील रत्नागिरी तालुक्यात तलाठी होते. त्यांचे दप्तर तांबड्या खारव्याच्या बासनात बांधलेले असे. आषाढातला पाऊस कौलांवर कोसळू लागला की ते बासन ओटीवरून उचलून माजघरात, चुलीच्या उबेला जाई. आईला ते म्हणत, "घरात पाणी शिरले तर आधी बासन बाहेर काढा, मग भांडी." आम्ही मुले हसत असू. पुढे आमच्या कलमांच्या बागेवरून भाऊबंदकी निघाली आणि त्याच बासनातल्या एका ओळीने ती मिटली, तेव्हा हसू मावळले.

ते बासन आता माळ्यावर आहे. दप्तर मात्र यंत्रात गेले आहे. तक्रार नाही. 2018 च्या महाराष्ट्रदिनी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला आणि हेलपाटे कमी झाले, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. पण दोन वर्षांपूर्वी एका कचेरीत उताऱ्यासाठी गेलो, तर खिडकीतला तरुण म्हणाला, "काका, मशीन बंद आहे. वरूनच बंद आहे." चार दिवस मी गेलो, चारही दिवस तेच उत्तर. शेवटी विचारले, "बाळा, वरून म्हणजे कुठून?" तो बिचारा छताकडे पाहू लागला!

त्या प्रश्नाने मला इतिहासाच्या पुस्तकांकडे धाडले. राज्याच्या दप्तरावर पहारा कोणाचा?

आम्हां कोकणवासीयांना पहाऱ्याचा इतिहास नवा नाही. जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड हे आमचे शेजारीच. शिवछत्रपतींनी 1664 साली मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हा त्यांनी केवळ दगड रचले नाहीत, कारभारही रचला. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी नेमले. हिशेब एकाकडे, शिबंदी दुसऱ्याकडे, किल्ल्या तिसऱ्याकडे. एक फितला तरी गड जाऊ नये, अशी ती योजना. आज संगणकशास्त्रात हेच तत्त्व मोठ्या नावाने शिकवतात. आपल्या गडांवर ते साडेतीनशे वर्षांपूर्वी नांदत होते.

पण याच किनाऱ्याने दुसराही धडा पाहिला आहे. 1755 साली हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. समुद्रातून इंग्रजांचा जेम्स तोफा डागीत होता आणि जमिनीवर पेशव्यांची फौज त्याला साथ देत होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तट भक्कम होते. पहारेकऱ्यांचे एकमत नव्हते.

आता जरा परदेशात डोकावू. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने एक छोटासा प्रोग्रॅम संगणकांच्या जाळ्यात सोडला. एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत त्याने अंदाजे सहा हजार संगणक लुळे पाडले. कोणी कोणाला कळवायचे हेच ठरलेले नव्हते, म्हणून गोंधळ वाढला. त्यातून धडा घेऊन त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एक समन्वय केंद्र उभे राहिले. जगातल्या अशा केंद्रांचा तो मूळपुरुष म्हणावा.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 साली आला, आणि 2004 च्या जानेवारीत सर्ट-इन ही केंद्रीय संस्था कामाला लागली. महाराष्ट्राने पुढे गृहखात्याखाली 'महाराष्ट्र सायबर' हे कार्यालय उभारले, आणि 15 ऑगस्ट 2016 रोजी जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांच्या सायबर प्रयोगशाळा सुरू झाल्या. चोरीचा माग काढायला आता मुंबईची वाट पाहायला नको, हा त्यामागचा हेतू.

कसोटीही लवकरच लागली. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढल्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाच्या आधारे घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक ठरवली. खरे काय याचा निवाडा मी करणार नाही. पण एकाच अंधाराची दोन कारणे ऐकताना मला सुवर्णदुर्ग आठवला खरा!

त्याच महिन्यात, 21 मार्च 2021 रोजी, औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. मुख्यालयाबरोबर 16 प्रादेशिक कार्यालयांचे काम अडले. आमच्या मिरजोळ्याच्या वसाहतीतल्या कारखानदारांचे कागद याच महामंडळाकडे असतात, म्हणजे हे संकट काही परक्याच्या अंगणातले नव्हते. माहितीच्या प्रती वेगळ्या जागी जपलेल्या होत्या, म्हणून निभावले. चुलीच्या उबेला ठेवलेले बासन ते हेच!

त्यानंतर सरकारने 837 कोटी रुपयांचा सायबर सुरक्षा प्रकल्प हाती घेतला आणि नवी मुंबईत महापे येथे त्याचे केंद्र उभारले. गुन्ह्याचा तपास, चोवीस तास देखरेख, संकटकाळी धावून जाणारे पथक आणि शिक्षण, अशी कामे एका छताखाली आणण्याचा हा प्रयत्न स्वागतार्हच आहे.

तरी एका तलाठ्याचा मुलगा म्हणून दोन शब्द बोलतो. पोलीस चोरी झाल्यावर येतो. कडी-कोयंडा रोज संध्याकाळी तपासणारा गडाचा हवालदार वेगळा असावा लागतो. "तुझे कुलूप गंजले आहे, आधी ते बदल" असे कोणत्याही खात्याला बजावण्याचा, आणि न ऐकल्यास जाब विचारण्याचा अधिकार अशा संस्थेला हवा. आणि तिचा एक माणूस जिल्ह्याच्या कचेरीत हवा. म्हणजे खिडकीतल्या तरुणाला छताकडे पाहावे लागणार नाही.

परवा आकाशकंदील काढायला नात माळ्यावर चढली आणि ते बासन घेऊन उतरली. "आजोबा, यात काय आहे?" मी म्हटले, "आपली बाग आहे." ती हसली, अगदी आम्ही हसत होतो तशी. मग मी तिला सांगितले की घरातला कोणी फसवला गेला तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 हा क्रमांक फिरवायचा, आणि आपला परवलीचा शब्द सख्ख्या आजोबालाही सांगायचा नाही.

"मग तुम्ही तुमचा मला का सांगितलात?" तिने विचारले.

वाचकहो, दिवाळीच्या पहिल्या पणतीआधी मी तो बदलून घेतला आहे.