मान्यतेविरुद्ध एक आवाज : गोवा, १९५५ ते १९६१

१/ हुकूमशाही केवळ बंदुकीच्या बळावर टिकत नाही; तिला जगाकडून मिळणारा मानाचा विडाही हवा असतो. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालच्या सालाझार राजवटीला तो मिळाला, आणि त्याच सुमारास गोव्याबाहेर राहणाऱ्या काही तरुण गोमंतकीयांनी सह्याद्रीच्या रानातून तिच्याविरुद्ध आवाज उठवला.

२/ ही राजवट लष्करी उठावातून जन्मली होती. २८ मे १९२६ रोजी सैन्याने लिस्बनमधील प्रजासत्ताक उलथवले. अर्थमंत्री म्हणून आलेले प्राध्यापक सालाझार १९३२ मध्ये पंतप्रधान झाले. पुढे सेन्सॉर, गुप्त पोलीस आणि तुरुंग हेच शासन झाले. तरीही १९४९ मध्ये ‘नाटो’च्या संस्थापक सदस्यांत पोर्तुगालला स्थान मिळाले.

३/ गोव्यात सभा घेणे हाही गुन्हा होता. ‘गोवा काँग्रेस समिती’चे संस्थापक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने ८ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडले. पुढे पोर्तुगालमधून निसटून, पॅरिसमार्गे ते मुंबईस पोहोचले. शिक्षणासाठी वा पोटासाठी घर सोडलेल्या गोमंतकीय तरुणांचे मुंबई हेच मोठे आश्रयस्थान होते.

४/ याच मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतलेल्या लिबिया लोबो आणि त्यांचे सहकारी वामन सरदेसाई यांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी भूमिगत नभोवाणी केंद्र सुरू केले. आंबोली आणि कॅसलरॉकच्या जंगलांतून पोर्तुगीज व कोंकणीत प्रक्षेपण होई. गोव्यात जे छापता येत नसे, ते आता घराघरांत ऐकू येऊ लागले.

५/ तारखा पाहा. केंद्र सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला, तोच २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या संयुक्त निवेदनात गोव्याचा समावेश ‘पोर्तुगीज प्रांतां’त केला. भारतात संताप उसळला. १४ डिसेंबरला पोर्तुगालला इतर १५ देशांसह संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला.

६/ हा सन्मान नुसता शोभेचा नव्हता. अवघ्या ८ दिवसांनी, २२ डिसेंबरला, पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीच्या प्रश्नावर भारताला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. सदस्यत्व मिळताच हुकूमशहाच्या हाती कायद्याचे शस्त्र आले. शिवाय १९५१ मध्येच वसाहतींना घटनेत ‘सागरपार प्रांत’ असे नाव देऊन ठेवलेले होते. त्यामुळे ‘आमच्याकडे वसाहती नाहीतच’ असे लिस्बन संयुक्त राष्ट्रांना निर्धास्तपणे सांगू शकले.

७/ हा शब्दांचा खेळ मोडायला ५ वर्षे लागली. १९६० मध्ये नवस्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रे मोठ्या संख्येने संयुक्त राष्ट्रांत आली आणि पारडे फिरले. १५ डिसेंबर १९६० च्या ठराव क्र. १५४२ ने पोर्तुगालच्या अस्वयंशासित प्रदेशांची यादीच दिली. तीत अंगोला व मोझांबिकच्या पंक्तीला गोवाही होता. प्रवेशाच्या दिवसाला नेमकी ५ वर्षे आणि १ दिवस झाला होता.

८/ हा ठराव जंगलातल्या केंद्रामुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण परकीय सत्तेला मान्यता मिळते तेव्हा प्रजेची संमती गृहीत धरली जाते. या तरुणांनी ती संमती रोज जाहीरपणे नाकारली. ‘गोव्याचे लोक समाधानी आहेत’ या लिस्बनच्या दाव्याला गोव्याच्याच भाषेत उत्तर मिळत राहिले.

९/ १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ती बातमी लिबिया आणि वामन यांनी हवाई दलाच्या विमानातून, ध्वनिक्षेपकावरून गोव्याला सांगितली. सहा वर्षे रानात लपवावा लागलेला आवाज त्या दिवशी उघड्या आभाळातून घुमला.

१०/ लिस्बनची हुकूमशाही मात्र २५ एप्रिल १९७४ पर्यंत टिकली, आणि ती उलथवली लष्करी अधिकाऱ्यांनीच. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. १९५५ मध्ये जगाने सालाझारच्या राजवटीला मान्यता दिली होती; १९७४ मध्ये त्याच्याच देशाने त्या तरुणांचे म्हणणे मान्य केले.