भुकटीतील प्रकाश

कोल्हापूर शहराच्या उत्तरेस, जेथे पंचगंगा पूर्वेकडे निघते आणि राजाराम बंधाऱ्यावरून पलीकडच्या वडणग्याची वाट जाते, तेथे कसबा बावड्याची काळीभोर शिवारे थेट नदीच्या काठापर्यंत उतरलेली आहेत. याच कसब्यात, लक्ष्मीविलास राजवाड्यात, २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटग्यांच्या कुळात जो पुत्र जन्मला, तो १८८४ मध्ये दत्तकविधानाने करवीरच्या गादीवर आला आणि शाहू छत्रपती या नावाने कीर्तीस चढला. त्यांचे समाजकारण साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु मल्ल, गवई, नट आणि चितारी यांना दरबारचा जो आधार त्यांच्या कारकिर्दीत लाभला, त्याचे मोल करताना आपण हात आखडता घेतो असे मला नेहमी वाटत आले आहे. लोकांनी या शहराला कलापूर म्हटले ते उगाच नव्हे.

बावड्याच्या काठावर मार्गशीर्षातल्या सकाळी उभे राहावे आणि डोळे किंचित किलकिले करून पाहावे. रंग म्हणून जे काही असते ते धुक्याने जवळजवळ पुसून टाकलेले असते आणि उरतात त्या उजेडाच्या चार-पाच पायऱ्या: सर्वांत उजळ आकाश, त्याहून किंचित मंद नदीचे पाणी, मग पन्हाळा-जोतिबाच्या बाजूची फिकट डोंगररांग, मग उसाचे फड आणि अखेरीस पायाखालची ओली काळी माती. फडाला तुरे आलेले असतील आणि ऊन त्यांच्या मागून येत असेल, तर ते रुपेरी तुरे क्षणभर पाण्याहूनही उजळ दिसतात, आणि गुऱ्हाळाचा धूर आकाशासमोर काळसर तर डोंगरासमोर पांढुरका होतो. तोच धूर, परंतु शेजार बदलला की त्याचा टोन बदलतो. ज्याला हा फरक दिसला त्याला निसर्गचित्राचे अर्धे रहस्य उमगले, आणि कोल्हापूरच्या चित्रकारांना तो फार लवकर दिसला होता.

या परंपरेच्या आरंभी आबालाल रहिमान उभे आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून, तेथे व्हाइसरॉयचे पदक मिळवून हा पुरुष मुंबईतील लौकिकाकडे पाठ फिरवून कोल्हापुरास परतला, शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार झाला आणि कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखा राहिला. तलाव, संध्यामठ, झाडी आणि जनावरे त्यांनी पुनःपुन्हा रंगविली, ती एकाच जागेवर प्रहरागणिक बदलणारा प्रकाश धरून ठेवण्यासाठी. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले तेव्हा शोकाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९३१ मध्ये ते स्वतःही गेले. जे वाचले तेवढ्यावरूनही कळते की, या माणसाने रंगाच्या आधी उजेड पाहिला होता.

आबालालांच्या पुढची पिढी रंगभूमीच्या पडद्यांवर घडली. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी, ज्यांना लोक पेंटर या आडनावानेच ओळखू लागले, नाटक मंडळ्यांसाठी राजवाडे, अरण्ये आणि राजमार्ग यांचे असे पडदे रंगविले की प्रेक्षक त्यांनाच टाळ्या देत. पडद्याच्या रंगाला तैलरंगाची चकाकी चालत नाही. दिव्याखाली तो कोरडा, मखमली दिसावा लागतो आणि लांबून पाहणाऱ्याला खोली भासवावयाची ती केवळ गडद-फिक्याच्या हिशेबावर. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूरावांनी उभारलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’ने दारिद्र्याचा अंधार असा दाखविला की तो चित्रकाराच्याच हातून यावा. त्या काळच्या मूकपटाला रंग नव्हता. पांढरा, काळा आणि मधल्या करड्या छटा एवढ्याच भांडवलावर सारा व्यवहार चालवावयाचा होता. आणि माझे मत असे की, टोनाची इतकी कठोर तालीम कोणत्याही कलाशाळेला देता आली नसती.

या तालमीतून चंद्रकांत मांढरे आले. १९१३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले गोपाळ मांढरे मराठी रसिकांना १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’मधील महाराज म्हणून आठवतात, परंतु बाबूराव पेंटरांच्या सान्निध्यात वाढलेल्या या नटाचे दुसरे आयुष्य पावडर शेडिंगच्या निसर्गचित्रांत गेले. पावडर शेडिंग म्हणजे पाश्चात्त्यांच्या मऊ पेस्टलचे जवळचे भावंड. रंगाची कोरडी भुकटी कापसाच्या बोळ्याने, कागद गुंडाळून केलेल्या कांडीने किंवा बोटाच्या टोकाने कागदात जिरवावयाची, आकाशासाठी फुंकरीएवढी आणि झाडीच्या बुंध्याशी थरावर थर. आणि उजेड हवा तेथे कागद राखावयाचा, अथवा रबराच्या टोकाने भुकटी उचलून तो परत मिळवावयाचा. पाणी नाही, तेल नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. परंतु चूकही लपत नाही, कारण एकदा कागदाचा पोत भुकटीने बुजला की त्यावर पुढचा थर बसत नाही आणि सारे चित्र मातकट होते. म्हणून हात घालण्यापूर्वीच सर्वांत उजळ जागा कोणती आणि सर्वांत गडद कोणती, हे मनाशी ठरवून घ्यावे लागते.

युरोपात या कोरड्या रंगाला प्रतिष्ठा मिळाली ती अठराव्या शतकाच्या आरंभी, व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीमुळे. १७२० मध्ये ती पॅरिसला गेली आणि तेथील उमराव मंडळी तिच्यासमोर बसण्यासाठी खोळंबू लागली. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रेंच चित्रकार देगाने त्याच खडूंना नवे सामर्थ्य दिले. रंगद्रव्यात खडूची पूड आणि अगदी अल्प डिंक, एवढेच त्या कांडीचे घटक. तेल नसल्यामुळे ती पिवळी पडत नाही आणि सुटे कण प्रकाश सर्व दिशांना उधळतात, त्यामुळे चित्राला आतून उजळल्यासारखी कांती येते. तिकडे ही कला मुख्यतः चेहऱ्यांसाठी आणि मखमली वस्त्रांसाठी वाढली. कोल्हापुरात तिच्या भावंडाने शेत, पाणी आणि धुके यांचा संसार थाटला, आणि तो मला या मातीच्या अधिक जवळचा वाटतो, कारण येथील हवेत वर्षातील बरेच महिने धूळ, धूर नाहीतर दव यांपैकी एक भुकटी तरंगत असतेच.

चंद्रकांतांनी राजारामपुरीतील आपले ‘निसर्ग’ हे घर चित्रांसह शासनाच्या स्वाधीन केले आणि तेथे आज त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय आहे. बावड्याहून शहरात येणाऱ्या प्रत्येक चित्रकलेच्या विद्यार्थ्याने तेथे जावे, आणि रंगांना भुलण्यापूर्वी प्रत्येक चित्रातील सर्वांत गडद ठिपका शोधून तेथून उजेडाकडे पायरीपायरीने चढत जावे. मात्र भुकटीच्या चित्राला बोटाचा स्पर्श खपत नाही आणि श्रावणातील सादळलेली हवा तर त्याहून खपत नाही. काच कागदाला टेकता कामा नये, मागचा पुठ्ठा कोरडा राहिला पाहिजे आणि पावसाळा सरताच प्रत्येक चौकट उतरवून तपासली गेली पाहिजे. चित्र कितीही थोर असले तरी ते कागदाच्या तंतूंत अडकलेल्या धुळीवर उभे आहे, आणि त्या धुळीची राखण हे आता कोल्हापूरकरांचे काम आहे.