सारवलेली भिंत

'मलेरिया' या मूळ इटालियन शब्दाचा अर्थ दूषित हवा. आपला 'हिवताप' कारणाविषयी काहीच बोलत नाही; अंगावर येते ती थंडी आणि ताप, एवढेच सांगतो. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरात या रोगाचे परजीवी आढळले, आणि पुढचा इतिहास बहुधा डास आणि औषध या दोघांचाच म्हणून लिहिला गेला. गोंदिया जिल्ह्यातील (१९९९ पर्यंत तो भंडाऱ्याचाच भाग होता) धानाच्या बांध्या आणि मातीची घरे पाहिली, की या कथेतले तिसरे पात्र आपण विसरलो हे ध्यानात येते. ते म्हणजे घर सारवणारा हात.

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचा निर्मूलन कार्यक्रम झाला. सारी भिस्त डीडीटीवर होती. रक्त प्यायलेली डासाची मादी जड होऊन भिंतीवर विसावते, तेव्हा भिंतीलाच विष लावावे, हा त्यामागचा विचार. देशातील रुग्णसंख्या १९६५ च्या सुमारास एक लाखापर्यंत उतरली आणि १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेली. डीडीटीला न जुमानणारे डास, अपुरा पुरवठा, यंत्रणेची ढिलाई ही कारणे सर्वपरिचित आहेत.

भिंतीची गोष्ट मात्र तळटीपेत राहिली. फवारणीनंतर अडीच-तीन महिने भिंत सारवू नये, असे बजावले जाते. पण पावसाने पोपडे धरलेली भिंत दसरा-दिवाळीपूर्वी शेणामातीने लिंपली नाही, तर ते घर कसले? एका सकाळच्या कामात विष मातीआड जाते. देवघर, चूल आणि धान्याची कोठी येथे तर फवारणीवाल्यास पुष्कळदा मज्जावच. यास अज्ञान म्हणणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. रोगाचे पंचांग आणि सणांचे पंचांग एकाच भिंतीवर आदळले, आणि गृहिणीने आपल्या ओळखीचे निवडले.

पुढे औषधभारित मच्छरदाण्या आल्या. लढाई भिंतीवरून अंथरुणावर आली. पण अंथरुणावर माणूस हवा ना! धान राखणारा रात्री शेतात असतो, तेंदूपत्ता तोडणारे पहाटेच जंगल गाठतात. भाऊबीजेपासून मंडईचा हंगाम, आणि झाडीपट्टीची नाटके तर रात्रभर चालतात. त्या रंगभूमीचे आपण साहित्यवाले कौतुक करतो ते योग्यच. मात्र उजाडेपर्यंत उघड्यावर बसलेला तो रसिक प्रेक्षक डासालाही तितकाच प्रिय असतो.