सुलतानपूर परिसर : वाडे आणि भटकंती

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे जुन्या मुंबई–नागपूर मार्गावरील गाव. येथून एक वाट लोणारला, दुसरी बीबी–दुसरबीडवरून सिंदखेड राजाला जाते. एकेकाळी इंग्रजी अंमलातील वऱ्हाड आणि निजामाचा मराठवाडा यांची सीमा याच भागात होती.

परिसरातील सर्वांत मोलाची वास्तू म्हणजे सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांचा राजवाडा. जिजाबाईंचा जन्म येथेच १२ जानेवारी १५९८ रोजी झाल्याचे मानतात. त्या तारखेला गाव माणसांनी फुलून जाते. एरवी मात्र वाडा निवांत असतो आणि पाहायचा तो तेव्हाच. भव्य दरवाजा आजही रस्त्यावरून नजरेत भरतो. जवळच रंगमहाल, नीळकंठेश्वर मंदिर, पुतळा बारव आणि मोती तलाव आहेत. देवगिरीवर १६२९ मध्ये मारले गेलेल्या लखुजींची भव्य समाधीही येथे आहे.

लोणारचे उल्काविवर बेसाल्ट खडकात झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तळाशी खारे सरोवर, काठाने जुनी मंदिरे. २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. गावातील दैत्यसूदन मंदिर मात्र घाईत बघू नये, त्याच्या बाह्यभिंतींवरील शिल्पांना वेळ द्यावा लागतो.