तपासणीच्या पडद्याआड

धारच्या पवारांबरोबर माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी सनदा जपल्या, वाडे जपले; घरातील स्त्रियांच्या दुखण्याचा इतिहास मात्र कोणी लिहिला नाही. आमच्या आजीच्या पिढीत 'अंगावरून जाणे' हे शब्द दाराआडच पुटपुटले जात. परपुरुषासमोर तपासणीपेक्षा सोसणे बरे, अशी समजूत होती.

या संकोचापायी स्त्रिया उपचाराविना राहतात, हे आनंदीबाई जोशी यांनी १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील सेरामपूर येथे जाहीरपणे मांडले आणि १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी मिळविली. त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात धारलाही कॅनडाच्या मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा आल्या. स्त्रीला स्त्री तपासू लागली. लाजेचा प्रश्न निम्मा सुटला. वेदनेचा तसाच राहिला.

त्याचे मूळ फार जुने आहे. ज्यांच्या नावाचे स्पेक्युलम आजही वापरात आहे, त्या जे. मेरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. अॅनार्का नावाच्या एकीवर सुमारे तीस. एडिंबरोत सिम्पसन यांनी १८४७ मध्येच प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरले होते! गर्भाशयाच्या मुखाला फारसे दुखतच नाही, हा समज पुढेही दीर्घकाळ टिकला.

आम्हीही त्यातून सुटलो नाही. गंधवानीस शासकीय कामानिमित्त असताना एका शिबिरात तांबी बसवून घेण्यासाठी भिल-भिलाला स्त्रियांची रांग लागली होती. 'दुखणार नाही', एवढेच त्यांना सांगितले जाई. एकीने आमच्या सौभाग्यवतींना विचारले, "दुखले ते दुखले, पण खोटे कशाला सांगितले?" आमच्या नोंदवहीत संख्येचा रकाना होता, या प्रश्नासाठी नव्हता. आम्ही संख्या भरून पाठविली.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये तांबी बसविताना स्थानिक भुलीचा उपयोग होऊ शकतो असे म्हटले, आणि वेदनेविषयी स्त्रीशी आधी बोलावे, असेही. हे बोलणे बिनखर्चाचे आहे.

आपल्याकडील उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ५२ गावसमूहांतील सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले : एकाच एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या चाचणीचा नमुना आता स्त्री स्वतःच, पडद्याआड, एका मऊ ब्रशने घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत मान्य केली आहे. तेथे सिम्सचे उपकरण लागत नाही.