खंदकाच्या अलीकडे कोण?



कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या पूर्व कमांडचे मुख्यालय आहे. माझी तिथे बदली झाली, त्या पहिल्याच आठवड्यात कार्यालयातले एक बंगाली सुभेदारसाहेब हसत म्हणाले, “सर, लहानपणी आई आम्हाला तुमची भीती घालून झोपवायची.” बंगाली अंगाईत येणारे ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. मीही हसलो. पण शाळेत शिकलेल्या मोहिमा दुसऱ्याच्या दारातून कशा दिसत असतील, हा विचार त्या दिवशी प्रथमच मनात आला.

आज बोलायचे आहे ते परोपकाराबद्दल. माणूस दुसऱ्यासाठी जीव धोक्यात का घालतो? आणि तोच माणूस तिसऱ्याचे घर का जाळतो? उत्क्रांतीचे अभ्यासक यावर प्रयोग करतात, गणिते मांडतात. आपण तोच प्रश्न या किल्ल्याच्या इतिहासाला विचारू.

१७४२ साली रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये शिरली. गावे लुटली गेली, जाळली गेली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात त्या हालांचे वर्णन केले आहे. तेव्हाचा फोर्ट विल्यम हुगळीच्या काठी, आज जनरल पोस्ट ऑफिस आहे त्या भागात होता. शहर मात्र उघडेच होते. म्हणून तिथल्या हिंदी रहिवाशांनी इंग्रज कंपनीकडे परवानगी मागितली की, शहराभोवतीचा खंदक आम्ही आमच्या खर्चाने खणतो. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मग मराठे काही शहरापर्यंत येत नाहीत असे दिसले आणि काम थांबले ते थांबलेच. त्या अर्धवट खंदकाचे नाव पडले ‘मराठा डिच’.

बघा, बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणारी माणसे भीतीपोटी एकत्र आली आणि भीती ओसरताच आपापल्या कामाला लागली. डार्विनने १८७१ मध्ये लिहिले होते की, ज्या टोळीतली माणसे एकमेकांसाठी झीज सोसतात ती टोळी इतरांवर मात करते. २००७ मध्ये चोई आणि बोल्स या अभ्यासकांनी संगणकावर हिशेब मांडला. स्वकीयांसाठी त्याग आणि परक्यांशी वैर हे दोन गुण एकेकटे टिकायला कठीण, पण जोडीने आले तर दोन्ही फोफावू शकतात, असे त्यात दिसले. म्हणजे ज्या मातीत एकी उगवते, त्याच मातीत वैरही उगवू शकते.

बंगालच्या दृष्टीने सगळे मराठे एक. पण आपण एक होतो का? १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे बंगालमध्ये फौज घेऊन गेले, ते नवाब अलीवर्दीखानाच्या बाजूने, रघूजींना हुसकावायला. पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये कोकणात विजयदुर्ग पडला. तुळाजी आंग्र्यांना नमवण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. मराठ्यांच्या आरमाराचा मोठा भाग त्यात जळाला. इंग्रजांकडून तिथे लढत होते अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह. ही नावे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी जूनमध्ये सिराजउद्दौल्याने कलकत्त्यावर चाल केली. अर्धवट खंदकाने त्याची फौज अडली नाही. १९ जूनला गव्हर्नर रॉजर ड्रेक नावेत बसून जहाजावर निघून गेला. लष्करी प्रमुख कॅप्टन मिन्चिनही गेला. मागे राहिलेल्यांनी हॉलवेलला प्रमुख केले आणि जहाजांना परत येण्याच्या खुणा केल्या. ती आली नाहीत. २० जूनला किल्ला पडला. त्या रात्री कैद्यांना ज्या कोठडीत कोंडले, ती ‘ब्लॅक होल’ जगभर गाजली. हॉलवेलने सांगितलेले १२३ मृत्यूंचे आकडे अनेक इतिहासकारांना फुगवलेले वाटतात. मला मात्र त्या कोठडीपेक्षा आदल्या दिवशीची नाव महत्त्वाची वाटते. गव्हर्नर निघालेला दिसल्यावर तटावरच्या शिपायाने कोणासाठी उभे राहायचे?

फेर आणि गेश्टर या संशोधकांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांना गट करून सामाईक निधीत पैसे घालायला सांगितले. अंगचोरांना शिक्षा करायची सोय नसली की चांगली माणसेही हात आखडता घेत. ती सोय मिळताच लोक स्वतःच्या खिशाला खार लावून अंगचोरांना दंड करत आणि निधी भरत जाई. बहुतेक माणसे ‘तू करशील तर मीही करीन’ या जातीची असतात. त्यांना पहिले घाबरवतो तो पळणारा आणि सावरतो तो जागेवर राहणारा. ड्रेकला मात्र पळाल्याची किंमत फारशी पडली नाही. प्लासीनंतर मीर जाफरने वाटलेल्या पैशात त्याचाही वाटा होता. वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतले, आणि आजच्या किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले ते क्लाइव्हच्या काळातच.

याच कोलकात्यात १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन हे शास्त्रज्ञ भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. पहिल्या महायुद्धात ते ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी होते. पुढे ते भारताचे नागरिक झाले. दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी मी जीव देईन, असे ते गमतीने म्हणत, असे सांगतात. त्यामागे हिशेब आहे. सख्ख्या भावात आपली निम्मी जनुके असतात, चुलतभावात एक अष्टमांश. हॅमिल्टनने १९६४ मध्ये हा हिशेब गणितात बसवला.

पण पलटणीत शेजारच्या खंदकात बसलेला जवान आपला चुलतभाऊ नसतो. १९७१ मध्ये ट्रिव्हर्सने पुढची पायरी मांडली. परतफेडीच्या भरवशावर परक्यांतही मदत टिकते आणि कृतज्ञता, अपराधीपणा, फसवणाऱ्याचा राग या भावना म्हणजे तिची मनातली वही. ही वही लष्कर जाणूनबुजून लिहून घेते. एका लंगरात जेवण, एक निशाण, पलटणीच्या नावाला बट्टा लागण्याची लाज आणि अधिकाऱ्याने जवानांच्या नंतर जेवणे. रात्री जवानांची जेवणे झाली का, हे पाहून मगच मेसकडे वळायचे, हे मी पहिल्या पोस्टिंगवर शिकलो. तेव्हा तो शिष्टाचार वाटला होता. ड्रेकची गोष्ट वाचल्यावर त्यातला अर्थ कळला.

थोडक्यात, मदतीची ओढ आपल्या घडणीतच आहे. पण ‘आपले’ कोण, ही रेघ माणसेच आखतात, आणि ती हलवताही येते. फोर्ट विल्यमचे नाव आता विजयदुर्ग आहे. त्याच्या सेंट जॉर्ज गेटला शिवाजी गेट म्हणतात. ज्या शहराने आपल्याला अडवायला खंदक खणला, तिथल्या किल्ल्यावर आज आपल्या कोकणातल्या दुर्गाचे नाव आहे. त्याचा अभिमान जरूर वाटावा. पण त्याबरोबर गंगारामचे काव्यही वाचावे, आणि पेशवे-आंग्र्यांचे भांडणही विसरू नये.

ही बातमी आली तेव्हा निवृत्त झालेल्या त्या सुभेदारसाहेबांना मी फोन केला. ते म्हणाले, “सर, आता नातवाला काय सांगून झोपवू?” म्हटले, “सांगा, बर्गी आजोबांचा फोन होता.”

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.