सुट्टीवर जाताना मांजराची व्यवस्था

मे महिन्याची सुट्टी, कोकणातले गणपती किंवा दिवाळी यानिमित्ताने आठ-दहा दिवस घर बंद ठेवणाऱ्या कुटुंबांपुढे पाळीव मांजराच्या व्यवस्थेचा प्रश्न उभा राहतो. कुत्र्याची सोय सहसा आधीच पाहिली जाते. मांजराच्या बाबतीत मात्र ‘ते आपले आपण पाहते’ या समजुतीवर भिस्त ठेवून, खाद्याची थाळी आणि पाण्याचे भांडे काठोकाठ भरून दाराला कुलूप लावले जाते. ही समजूत मांजराच्या जिवावर बेतू शकते. मांजर काही तास एकटे राहू शकते, हे खरे. परंतु दुखणे लपविणे हाही त्याचा स्वभाव आहे आणि बंद घरात ते दुखणे ओळखणारे कोणीच नसते.

रोजची पाहणी का आवश्यक?

दोन-तीन दिवस अन्न पोटात गेले नाही, तर मांजराच्या शरीरातील चरबी यकृतात साचू लागते. ‘हेपॅटिक लिपिडोसिस’ नावाचा हा विकार वेळीच उपचार न झाल्यास प्राणघातक ठरतो. स्थूल मांजरांना त्याचा धोका अधिक असतो. घरातील माणसे अचानक दिसेनाशी झाल्याच्या ताणानेही मांजर अन्न सोडू शकते.

बोक्यांच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. त्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकून लघवी तुंबते. अशा वेळी रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण वाढून एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसणे, कुंथणे, ओरडणे ही त्याची लक्षणे असून अनेकदा ती बद्धकोष्ठतेची समजली जातात.

हे दोन्ही विकार लवकर लक्षात येतात ते थाळीतील उरलेले अन्न आणि ट्रेमधील लघवीचे गोळे पाहूनच. म्हणून दिवसातून किमान एकदा, शक्यतो सकाळ-संध्याकाळ, कोणीतरी प्रत्यक्ष येऊन पाहणे आवश्यक ठरते. आपोआप खाद्य सोडणारे यंत्र किंवा कॅमेरा ही पूरक साधने आहेत. त्यांना माणसाचा पर्याय मानता येत नाही.

घरी ठेवावे की बाहेर?

मांजर आपल्या परिसराला घट्ट धरून राहणारे असते. ओळखीचे वास आणि लपण्याच्या ठरलेल्या जागा यांवर त्याची सुरक्षिततेची भावना अवलंबून असते. त्यामुळे निरोगी, प्रौढ मांजर स्वतःच्या घरीच ठेवून विश्वासातील शेजारी, नातेवाईक किंवा मोबदला घेऊन देखभाल करणाऱ्या व्यक्तीला रोज बोलावणे हा बहुतेकदा सर्वांत चांगला पर्याय ठरतो. लहान पिल्ले, वृद्ध मांजरे आणि मधुमेहासारख्या आजारामुळे नियमित औषध लागणारी मांजरे यांना मात्र मुक्कामी राहणारी व्यक्ती किंवा पशुवैद्यकाच्या देखरेखीखालील जागाच योग्य.

प्राण्यांच्या वसतिगृहात ठेवायचे असल्यास जागा आधी स्वतः पाहावी. मांजरांची खोली कुत्र्यांपासून दूर आहे काय, प्रत्येक मांजरास वेगळा ट्रे आणि लपण्यासाठी आडोसा मिळतो काय, रात्री कोणी हजर असते काय, याची चौकशी करावी. पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस व कॅलिसी या विषाणूंविरुद्धची आणि रेबीजची लस अद्ययावत असावी. लसीचा परिणाम होण्यास अवधी लागत असल्याने हे काम निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी उरकावे. लसीकरणाचा दाखला न मागणारे वसतिगृह टाळलेलेच बरे.

जबाबदारी सोपविताना

देखभाल करणाऱ्या व्यक्तीची मांजराशी आधी एक-दोनदा भेट घडवून आणावी. रोजचे खाद्य बदलू नये. घरात मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे अधिक असावा. खिडक्या व गॅलरीची जाळी घट्ट आहे याची खात्री करावी. उंच इमारतींतून मांजरे पडण्याच्या घटना घडतात. उन्हाळ्यात खोलीत हवा खेळती राहील आणि पाणी दोन-तीन ठिकाणी असेल, हे पाहावे. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी मांजर आतल्या खोलीत असावे व बाहेरचे दार उघडताना विशेष काळजी घ्यावी.

पुढील गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात :

- खाद्याचा प्रकार, प्रमाण आणि वेळा. औषध असल्यास त्याची मात्रा
- पशुवैद्यकाचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा क्रमांक
- मालकाशी संपर्क न झाल्यास उपचार सुरू करण्याची लेखी संमती व त्यासाठीची रक्कम
- मांजराच्या लपण्याच्या नेहमीच्या जागा आणि ओळखीसाठी एक छायाचित्र

माणसांची औषधे मांजराला कदापि देऊ नयेत, ही सूचना ठळक अक्षरांत असावी. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. लिलीची फुले घरात ठेवू नयेत. तीही मांजरांसाठी विषारी असतात. देखभाल करणाऱ्यास मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कायदा काय सांगतो?

मांजर बाहेर सोडून ‘परत येईलच’ असे गृहीत धरणे कायद्याच्या दृष्टीनेही गैर ठरू शकते. ‘प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६०’ याच्या कलम ११ नुसार पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, तसेच भूक-तहानेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे.

परतल्यानंतर मांजर एक-दोन दिवस अलिप्त राहिले, तर त्यास जबरदस्तीने उचलू नये. मात्र ते खात-पिते काय, ट्रे वापरते काय आणि त्याचे वजन घटले आहे काय, हे त्याच दिवशी पाहावे. यांपैकी काहीही शंकास्पद वाटल्यास पशुवैद्यकाकडे जाण्यास विलंब करू नये.